गावी राहिलेला भाऊ

मनीऑर्डरचा फॉर्म ज्यांनी कधी हाताने भरला आहे, त्यांना त्याच्या तळाशी असलेली संदेशाची जागा आठवत असेल. दोन-तीन ओळी मावतील एवढीच. मुंबईच्या गिरणीतला कामगार पगार झाला की पोस्टात जायचा, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहायचा आणि त्या जागेत मजकूर घालायचा: आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवावी, बैलाचे पैसे वेगळे ठेवावेत, आईला औषध आणावे. ज्याला लिहिता येत नसे तो गाळ्यातल्या कुणाकडून तरी लिहून घेई. गावी पोस्टमन पैसे मोजून हातावर ठेवी आणि तो मजकूर वाचून दाखवी. टपाल खात्याने ही सेवा आपल्याकडे 1880 मध्ये सुरू केली. पुढची शंभर वर्षं कोकणातल्या असंख्य घरांची चूल तिच्या आधाराने पेटत होती.

पैसे पाठवणाऱ्या भावाच्या हातात पोस्टाची पावती राहत असे. पैसे घेणाऱ्या भावाने त्या महिन्यात घरासाठी जे केलं, त्याची पावती फाडणारं खातं मात्र कुठेच नव्हतं. मला जे म्हणायचं आहे ते या फरकातून निघालेलं आहे.

दूर राहणाऱ्या भावांमध्ये प्रेम उरत नाही, असं मला वाटत नाही. प्रेम पुष्कळ असतं. भाऊ आजारी आहे असं कळताच रात्रीची गाडी पकडून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. उणीव असते ती कृतज्ञतेची. तीही मनात असते, पण ती तोंडाने बोलायची नाही असं आपल्या घरांनी ठरवून टाकलेलं असतं. त्यातून हिशेबाचं नाव काढलं की माया आटली असा अर्थ लावायचा. त्यामुळे हिशेब होत नाही असं थोडंच आहे? तो होतोच. प्रत्येक जण तो एकट्याने, मनातल्या मनात, आपल्या बाजूने मांडत राहतो. तीस वर्षं असा मांडलेला हिशेब वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो, आणि तो ऐकून दोघांनाही धक्का बसतो. भाऊबंदकी जमिनीच्या तुकड्यावरून होते असं आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा न उच्चारलेल्या कृतज्ञतेवरून झाली आहे. जमीन हे तिचं शेवटचं निमित्त.

गावी राहिलेल्या भावाच्या नावावर काय काय जमा असतं ते आधी पाहू. कोकणातलं भातशेतीचं एक साधं घर घेतलं तरी पुरे. उन्हाळ्यात राब भाजायचा. पावसाच्या आधी घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवून फुटकी बदलायची, वासे-रिपा तपासायच्या. गडगा ढासळला असेल तर पुन्हा रचायचा. मृगावर पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. मध्ये रानडुकरं आणि वांदरं यांच्यापासून राखण. ही शेताची बाजू झाली आणि ती निदान दिसते तरी. घराची बाजू दिसतही नाही. भावकीत कुणाचं बारसं असो की बारावं, आपल्या घरातर्फे कुणीतरी जाऊन उभं राहावं लागतं. शिमग्यात पालखी दाराशी येते तेव्हा दार उघडं असावं लागतं, ओवाळायला घरात माणूस असावं लागतं. तलाठ्याकडे, तहसील कचेरीत, सोसायटीत, वीज कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. बांधावरून तंटा झाला तर चार माणसांना घेऊन बसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याच्या विहिरीवर जायचं असल्यामुळे जपून बोलावं लागतं. वडिलांची रात्री लघवी अडली तर रिक्षा शोधून तालुक्याचा दवाखाना गाठावा लागतो. आईला दिसेनासं झालं की तिला हाताला धरून न्हाणीपर्यंत न्यावं लागतं, रोज, दिवसातून तीन-चार वेळा.

मुंबईचा भाऊ येतो तेव्हा वडील आंघोळ उरकून, धुवट सदरा घालून ओटीवर बसलेले असतात. त्याला पाहून त्यांना उभारी येते, दोन घास जास्त जातात. तो मनाशी म्हणतो की बाबांची तब्येत तशी बरी आहे, आणि निश्चिंत होऊन परततो. त्या दोन दिवसांच्या मागचं वर्ष ज्याने काढलं, तो मात्र त्या दोन दिवसांत आईवडिलांच्या नजरेत दुसरा असतो. लांबून आलेल्या मुलाचं कौतुक होतं, जवळ असलेल्याला कामं सांगितली जातात. यात आईवडिलांचा दोष काढण्यात अर्थ नाही; दुरून आलेल्याचा उमाळा येणारच. पण जवळच्याचं कौतुक करणं घरातल्या थोरांना जमत नसेल तर ते दुसऱ्या भावाने पाहायला हवं, कारण आईवडिलांच्या तोंडून न निघालेला शब्द फक्त तोच देऊ शकतो.

इथे वहिनीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे गेलो तर सगळंच बोलणं लंगडं पडेल. भावाने आईवडिलांचं केलं असं आपण म्हणतो, त्यातलं निम्म्याहून अधिक वहिनीने केलेलं असतं. अंथरूण बदलणं, पेज भरवणं, म्हातारपणाचा चिडचिडेपणा सोसणं, हे तिच्या वाट्याला आलेलं असतं, आणि ती तर रक्ताच्या नात्याचीही नसते. भावाला दोन शब्द म्हणणारी माणसं मला कधीमधी भेटली आहेत. वहिनीला समोर बसवून तुम्ही माझ्या आईचं केलंत असं म्हणणारा दीर क्वचितच पाहिला. गिरणीच्या काळात तर कित्येक घरांत नवरा मुंबईला आणि बायको सासरी अशी पद्धतच होती. म्हणजे मुंबईच्या भावाची बायकामुलंही गावच्या भावाच्या छत्राखाली वाढत होती आणि त्या बायका शेतात राबत होत्या. त्या घरांचं ऋणपत्र लिहायचं तर त्यात पहिली नावं बायकांची लागतील.

चाकरमान्याने तिकडे चैन केली असाही याचा अर्थ नाही. गिरणगावातल्या एका खोलीत गावचे दहा-पंधरा गडी राहत. रात्रपाळीचा माणूस येऊन जिथे अंग टाकी, तिथूनच दिवसपाळीवाला नुकता उठलेला असे. जेवण खानावळीत, पैसे पगाराच्या पगाराला. कातण खात्यातली कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाई. आपलं मूल चालायला लागलं हे त्याला पत्रातून समजे. धाकटा भाऊ मोठा झाला की त्याला बोलावून घ्यायचं, मुकादमाच्या हातापाया पडून बदली म्हणून लावायचं, तो रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहून काम मिळतं का पाहत असे तोवर त्याचं पोट आपण भरायचं, हेही मोठ्या भावांनी केलं आहे. गावच्या भावाला यातलं किती ठाऊक असतं? त्याला दिसतो तो गणपतीला नवे कपडे घालून, पेढ्यांचे पुडे घेऊन एसटीतून उतरणारा भाऊ. म्हणजे दोघेही एकमेकांना फक्त सणाच्या कपड्यांत पाहतात. दुरावलेल्या भावांची अडचण अंतरापेक्षा या अर्धवट दर्शनाने जास्त होते.

मुंबईच्या पैशावर गाव जगलं, ही समजूत इतकी रुजली आहे की तिची दुसरी बाजू सांगायलाच हवी. गावच्या भातावर मुंबई लढली. 1928 साली गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. हातावर पोट असलेली माणसं सहा महिने बिनपगारी कशी तगली? संपाच्या काळात कामगार मोठ्या संख्येने गावी निघून गेले आणि तिथल्या घराने त्यांना पोसलं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हाही तेच झालं, आणि या वेळी पुष्कळांना परतायला गिरणीच राहिली नाही. वीस-पंचवीस वर्षं मनीऑर्डर पाठवणारा माणूस मुलाबाळांना घेऊन भावाच्या दारात उभा राहिला. घर एकच, भात तेवढंच, खाणारी तोंडं दुप्पट. कोकणातल्या आणि घाटावरच्या किती भावांनी त्या वेळी एका शब्दाने न विचारता पाट मांडले, याची नोंद गिरणी संपाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडते. युनियन, मालक, सरकार यांच्यावर पुस्तकं झाली. संपकऱ्याला जेवू घालणारा भाऊ त्यांत नावापुरता येतो. 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा एकदा चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले. तेव्हा काही गावांनी वेशीवर अडवलं हे खरं आहे, पण शाळेत विलगीकरणात ठेवलेल्या भावाला दोन वेळचा डबा नेऊन देणारेही भाऊच होते.

म्हणजे देणं दोन्ही बाजूंनी वाहत आलं आहे, कधी इकडून, कधी तिकडून. मग ते बोलून दाखवायला काय हरकत आहे?

हरकत घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, आपल्या माणसांत कसले आभार? आभार परक्याचे मानतात. भावाला धन्यवाद म्हटलं की आपण त्याला बाहेरचा ठरवला. भावाने भावासाठी करायचं नाही तर कुणी करायचं? या बोलण्यामागे एक जिव्हाळा आहे आणि तो मला मान्य आहे. समारंभात हार घालून मानतात तसे आभार भावाचे मानू नयेत, हेही खरं. पण न बोलता सगळं समजतं, हे एका छपराखाली राहणाऱ्यांना लागू आहे. तिथे संध्याकाळी चहाचा कप पुढे करणं हेच बोलणं असतं. जो तीनशे किंवा तीन हजार मैलांवर राहतो, त्याचा चेहरा, त्याचं गप्प बसणं, त्याचा पुढे केलेला कप भावापर्यंत पोचत नाही. पोचतात ते शब्द आणि पैसे, दोनच. शब्द दिले नाहीत तर पैसेच बोलतात, आणि पैशाचं बोलणं नेहमी एकाच बाजूचं असतं.

दूर राहणाऱ्या भावांनी कसं बोलावं याचा सर्वांत मोठा लेखी पुरावा आपल्याला व्हिन्सेंट आणि थिओ या व्हॅन गॉग बंधूंनी दिला आहे. थिओ चार वर्षांनी लहान. पॅरिसमध्ये चित्रविक्रीच्या पेढीवर नोकरी करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. 1880 नंतर व्हिन्सेंटचा खर्च थिओच चालवत होता. बराच काळ महिन्याला दीडशे फ्रँक, शिवाय रंग आणि कॅनव्हास. व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली साडेसहाशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत पैशाचा विषय सतत येतो: पोचले, संपले, आणखी लागतील. त्या आश्रिततेचा व्हिन्सेंटला त्रास होत होता. 1884 मध्ये त्याने मार्ग सुचवला की तू पाठवतोस ते पैसे माझ्या चित्रांचा मोबदला समज, माझी चित्रं तुझ्या मालकीची. चित्रं विकली जात नव्हती, त्यामुळे व्यवहार म्हणून त्याला अर्थ नव्हता. पण त्यामागची तळमळ बघा. त्याला दान नको होतं. आपण भावाला काहीतरी देतो आहोत, एवढं हवं होतं. पुढे 1888 च्या हिवाळ्याच्या तोंडावर व्हिन्सेंटने पुन्हा परतफेडीची भाषा काढली तेव्हा थिओने लिहिलं की असं काही देणं मला माहीतच नाही. आपल्याला काय मिळालं ते एकजण सांगत राहिला आणि आपण काय दिलं ते मोजायला दुसऱ्याने नकार दिला. भावाभावांतल्या कृतज्ञतेचं इतकं निर्मळ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

या दोघांची आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. 1886 ते 1888 अशी दोन वर्षं ते पॅरिसमध्ये एकाच घरात राहिले, आणि ते सहजीवन इतकं अवघड झालं की घरात राहणं असह्य होत असल्याचं थिओने बहिणीला कळवलं होतं. व्हिन्सेंट दक्षिणेला आर्लला निघून गेला आणि पत्रं पुन्हा सुरू झाली, माया पुन्हा वाहू लागली. तेव्हा भावांनी एकत्रच राहिलं पाहिजे, वेगळे झाले की घर फुटलं, हा आपला आग्रह तपासून पाहायला हवा. काही भावांचं प्रेम अंतरामुळेच टिकतं. अट एवढीच की त्या अंतरावरून काहीतरी जात-येत राहिलं पाहिजे. जानेवारी 1890 मध्ये थिओला मुलगा झाला, त्याचं नाव त्याने भावाचंच ठेवलं, आणि व्हिन्सेंटने पुतण्यासाठी निळ्या आकाशासमोरच्या बदामाच्या फुललेल्या फांद्या रंगवल्या. त्याच वर्षी 29 जुलैला व्हिन्सेंट गेला. सहा महिने उलटायच्या आत, 25 जानेवारी 1891 ला, थिओही गेला. चित्रं आणि पत्रं जपली ती थिओच्या बायकोने, योहानाने. 1914 मध्ये तिने पत्रं प्रसिद्ध केली आणि नवऱ्याचे अवशेष आणून दिराच्या शेजारी पुरले. तिथेही वहिनीच. थिओने व्हिन्सेंटला लिहिलेली पत्रं मात्र चाळीसच्या आसपासच उरली आहेत, कारण व्हिन्सेंट ती फारशी जपून ठेवत नसे. पैसे देणाऱ्याचे शब्द गहाळ झाले, घेणाऱ्याचे राहिले. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

थिओवरून एक नियम मला सुचतो आणि या लेखातलं माझं मुख्य म्हणणं तेच आहे. भावाभावांतला हिशेब घेणाऱ्याने मांडावा, देणाऱ्याने मांडू नये. तुझ्या शिक्षणाचा खर्च मी केला, तुझं लग्न मी लावून दिलं, आईवडिलांना मी सांभाळलं: ही वाक्यं देणाऱ्याच्या तोंडून आली की सावकाराची होतात, मग ती कितीही खरी असोत. हीच वाक्यं घेणाऱ्याच्या तोंडून आली की घर उजळतं. माझं शिक्षण दादाने केलं, हे धाकट्याने चार माणसांत म्हणावं. आईची सेवा तुम्ही दोघांनी केलीत, मी फक्त पैसे धाडले, हे मुंबईकराने म्हणावं. मुंबईचे पैसे वेळेवर आले म्हणून विहीर झाली, पोरांच्या फिया भरल्या गेल्या, हे गाववाल्याने म्हणावं. दोघांनी आपापलं घेतलेलं मांडलं की देणाऱ्याला काही बोलावं लागत नाही. घरोघर नेमकं याच्या विरुद्ध चालतं. प्रत्येकाला आपलं दिलेलं तारीखवार पाठ असतं आणि घेतलेलं आठवत नाही.

वाल्मीकि रामायणात भरताने हेच केलं आहे. भरताची कथा सांगताना आपण पादुका, जटा, नंदिग्राम यांवर थांबतो. राम परत आल्यावर भरताने काय केलं याकडे तितकं लक्ष जात नाही. त्याने पादुका रामाच्या पायात घातल्या, राज्य परत केलं आणि हिशेब दिला: कोश, कोठारं, नगर, सैन्य, सगळं पाहून घ्या, तुमच्या तेजाने मी ते दसपट केलं आहे. चौदा वर्षं जमिनीवर झोपणाऱ्या भावाला हिशेब देणं कमीपणाचं वाटलं नाही आणि श्रेय रामाला देण्यातही त्याची जीभ अडखळली नाही. हे पाहून वानरांच्या आणि विभीषणाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं वाल्मीकि सांगतो. त्या वानरांमध्ये वालीशी वैर धरलेला सुग्रीव होता, आणि विभीषण तर रावणाला सोडून आलेला. भाऊ गमावलेल्या त्या दोघांना समोर काय घडतं आहे हे अयोध्येतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं असणार.

गावी राहिलेला प्रत्येक भाऊ भरत असतो असं मी म्हणणार नाही. सामायिक बागेचा आंबा वर्षानुवर्षं विकून एक पेटीही न धाडणारे, कलमांच्या उत्पन्नाचं विचारलं तर तोंड फिरवणारे, अंगठा घेऊन वडिलांकडून कागद करून घेणारेही आहेत. त्यांच्याकडून मुंबईच्या भावांनी सोसलेलं खोटं नाही. पण अशा घरांत मागे जाऊन पाहिलं तर पुष्कळदा असं दिसतं की राहिलेल्या माणसाचा वाटा कुणी कधी मान्यच केला नव्हता. तोंडाने दिला नाही तो त्याने हाताने घेतला. याने त्याचं वागणं योग्य ठरत नाही, पण ते कुठून आलं हे समजतं, आणि वेळेवर काय करायला हवं होतं हेही समजतं.

आता वाटणीकडे वळतो. वाटणी हा शब्द आपल्याकडे अशुभासारखा उच्चारला जातो. आई आहे तोवर वाटणी नको, लोक काय म्हणतील, असं म्हणत दोन-तीन पिढ्या जातात आणि सात-बारावर वीस-पंचवीस नावं चढतात. वारस नोंदी अर्धवट राहतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासारख्या कामात जमीन जाते तेव्हा मोबदला हाती येण्यासाठी ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही अशा चुलत-चुलत भावांच्या सह्या लागतात. घर पडायला आलेलं असतं, पण दुरुस्तीला कुणी हात लावत नाही, कारण सामायिक घरात घातलेला पैसा कुणाचा हे ठरलेलं नसतं. एकोपा टिकावा म्हणून वाटणी टाळली आणि शेवटी एकोपाही गेला, घरही गेलं, अशी कोकणातली कितीतरी घरं पावसात उभी आहेत.

वाटणी ही प्रेमाची कृती होऊ शकते हे तुकारामांनी दाखवलं आहे. त्यांचं घर महाजनकीचं आणि सावकारीचं. थोरले सावजी विरक्त होऊन निघून गेलेले, धाकटे कान्होबा संसारात. पुढे तुकारामांनी लोकांकडच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण परंपरा असंही सांगते की बुडवण्याआधी त्यांनी त्यातली निम्मी खतं कान्होबांच्या हाती ठेवली. माझ्या दृष्टीने त्या प्रसंगातलं मोठेपण इथे आहे. आपलं वैराग्य त्यांनी भावावर लादलं नाही. आपल्या वाट्याचं सोडायचा अधिकार आपल्याला आहे, भावाच्या वाट्याचं सोडायचा नाही, एवढा नाजूक न्याय त्या क्षणी त्यांना सुचला. आणि असा वेगळा झालेला भाऊ मनाने दुरावला का? तुकाराम गेल्यावर कान्होबांनी केलेले विरहाचे अभंग गाथेत आहेत. त्यांत विलाप आहे, रागावणं आहे, देवाशी भांडण आहे. ज्या भावाने आपला वाटा नीट दिला, त्याच्यासाठी माणूस असा रडतो.

कायदा भावांना समान हिस्सा देतो आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 नुसार तहसीलदाराकडून शेतजमिनीची वाटणी करून घेता येते. पण समान हिस्सा ही कायद्याने घालून दिलेली रेषा झाली. तिच्यापलीकडे जाऊन, राजीखुशीने, ज्याने आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं त्याला घराचा पुढचा भाग, विहिरीचा हक्क किंवा चार कलमं जास्त लिहून देणं हे सहहिस्सेदारांच्या हातात असतं. ते दया म्हणून देऊ नये. ते त्याचं येणं आहे. वीस वर्षं पगारी माणूस ठेवून आईवडिलांची अशी शुश्रूषा करून घ्यायची म्हटली असती तर शहरातल्या भावाला काय खर्च आला असता, हे पुण्यामुंबईत आज ज्यांना रात्रंदिवसाची बाई ठेवावी लागते त्यांना विचारावं. न्यू जर्सीतून किंवा दुबईतून आईवडिलांवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या मुलाला तर हे पक्कं माहीत असतं की पडलेल्या आईला कॅमेरा उचलत नाही.

आणि बहिणी? भावांच्या एकोप्याच्या गोष्टी सांगताना त्यांना सोयीस्करपणे बाहेर ठेवलं जातं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, तरी माहेर तुटेल या धाकाने हक्कसोड पत्रावर तिची सही घेण्याचा प्रघात चालू आहे. भाऊबिजेला ओवाळणी आणि पुढच्या आठवड्यात तहसील कचेरीत सही, असा दोन्ही भावांचा समेट असेल तर त्याला मी प्रेम म्हणायला तयार नाही. आईवडिलांजवळ राहून त्यांचं करणारी पुष्कळदा बहीणच असते. वर भावाबद्दल जे म्हटलं ते सगळं तेव्हा तिला लागू होतं, तिचा हिस्सा धरून.

येत्या गणपतीत मूळ घरी सगळे भाऊ जमतील. आरत्या होतील, भजनाची बारी होईल, मोदक होतील. त्या दिवसांतली एक दुपार काढून ठेवा. पंखा लावून ओटीवर बसा, वहिनींना आणि मुलांना बोलवा, बहिणींना आधी कळवून बोलावून घ्या. आपण काय दिलं ते कुणीही बोलू नका. भावाकडून आपल्याला काय मिळालं तेवढंच प्रत्येकाने सांगा, सालवार, आठवेल तितकं. मुलांना ते पहिल्यांदाच कळणार आहे. मग सात-बारा बाहेर काढा आणि वाटणीचा मसुदा करायला घ्या. आईवडिलांजवळ जो राहिला त्याचं कलम पहिलं असू द्या, आणि ते पहिलं लिहिण्याचा आग्रह मुंबईच्या भावाने धरावा.